एका पिनेपायी दोन महिने

शनिवार, रात्रीचे साडेअकरा. दोनदा साबण लावला तरी हाताचा ग्रीसचा वास जात नाहीये पण आज लिहायचंच.

गेले दोन महिने आमची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, पहिला गिअर टाकताना कर्रकन ओरडायची. ही १९६६ ची, पहिल्या गिअरला सिंक्रोमेशच (गिअर पडताना वेग जुळवून देणारी सोय) नाही, त्यामुळे क्लच पूर्ण सुटला नाही की लगेच आवाज करते, आणि रिव्हर्स टाकताना तर माझ्याच पोटात कालवायचं. गॅरेजवाल्याने आधी पेडलने तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर बदलला, मग त्या तेलाने सरकून क्लच सोडवणारा खालचा स्लेव्ह सिलिंडर, दोनदा तेलाच्या लाईनमधली एअर काढली, बिल भरपूर झालं आणि पेडल होतं तसंच, अर्ध्याच्या खाली जाईपर्यंत नुसतं पोकळ. आता इंजिन उतरवून क्लच प्लेट बघू म्हणाला, तेव्हा मी म्हटलं थांबा, गाडी घरी नेतो.

आज लेकीला सीटवर बसवलं आणि बॉनेट उघडून पेडल बॉक्सवरचं पत्र्याचं झाकण काढलं. "हळू दाब गं, एकदम नको." टॉर्च मारून बघतोय तर पेडल हललं आणि पुशरॉड, म्हणजे पेडलचा जोर मास्टर सिलिंडरला देणारा दांडा, जागचा हललाच नाही, मग जरा वेळाने निघाला. "काय झालं बाबा?" मला काही बोलवेचना, परत दाबायला लावलं, परत तेच.

स्प्लिट पिन काढून पेडल आणि पुशरॉड जोडणारी क्लेविस पिन हातात घेतली. नवी असते ५/१६ इंच म्हणजे जवळपास ८ मिमी, हिला मधे अशी खाच पडलेली की नख अडकत होतं. आणि पेडलचं भोक गोल राहिलंच नव्हतं, भोपळ्याच्या बीसारखं लांबट झालेलं. पेडल म्हणजे तरफच की, वर पिनेपाशी दोन मिमी वाया गेले की खाली पायाशी त्याच्या कितीतरी पट वाया जातात, तेल तेवढं कमी ढकललं जातं, स्लेव्ह कमी सरकतो आणि क्लच अर्धवटच सुटतो. दोन्ही सिलिंडर बदलून फरक पडणार कुठून! पैशांचं जाऊ दे, पण दोन महिने आपण तिच्या गिअरचे दात उगाच घासले याचं फार वाईट वाटतंय.

पेडल काढायला मात्र दुपार गेली. शेजारच्या काकांकडे वेल्डिंग मशीन आहे, त्यांनी भोक भरून दिलं, मग कानशीने सपाट करून परत ५/१६ चं पाडलं, नवी पिन ग्रीस लावून बसवली. तेलाची लाईन उघडलीच नाही त्यामुळे एअर काढायची भानगड नाही.

संध्याकाळी इथे इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या रस्त्याला नेली, हिचा जन्म तिथल्याच फॅक्टरीतला, १९८० ला बंद झाली ती. सिग्नलला पहिला गिअर टाकला, आवाज नाही. वळायला रिव्हर्स टाकला, तोही गुपचूप पडला, लेकीने टाळ्याच वाजवल्या.

उद्या ब्रेकच्या पेडलची पिन काढून बघणार. त्याच बॉक्समधे आहे, वयही तेवढंच.