तुम्ही विचारलंत म्हणून: मी हल्ली गप्प का

"मॅडम, नव्या शैक्षणिक धोरणावर केवढं भरभरून बोलायचात, आता गप्प का?" स्टाफरूममध्ये विचारतात, जुने विद्यार्थी विचारतात, परवा मंडईत मेथी निवडताना एकीनं विचारलं. एकदाच लिहून टाकते.

घाबरले म्हणून नाही. बारा वर्षं तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवतेय, माझं कोण काय काढून घेणार? (जूनची नेमणूक काढून घेतील. बरं, थोडी घाबरतेही.)

मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मधेच बाहेर पडायची सोय. एका वर्षानं प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तोवर शिकून मिळवलेले क्रेडिट (श्रेयांक) विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा, तीन वर्षांच्या आत परत या. आमच्याकडे २०२४-२५ला हे सुरू झालं तेव्हा प्रवेशाचं माहितीपत्रक मीच लिहिलं. 'शिक्षण मधेच थांबलं तरी हात रिकामे राहणार नाहीत.'

मे महिन्यात करमाळ्याकडचे एक वडील आले. पहाटेच्या एसटीनं स्वारगेटला उतरलेले. पिशवीतून त्यांनी तेच पत्रक काढलं, चार घड्या घातलेलं. माझ्या वाक्याखाली निळ्या पेनाची रेघ.

"तुमीच लिवलंय न्हवं? मग तेवढा कागद द्या, पोरीला न्हेतो."

पोरगी वर्गात दुसरी आलेली. मी म्हटलं, "अहो, ही सोय अडचणीत सापडलेल्यांसाठी आहे."

"मग आमी काय सुखात हाय व्हय?"

धाकट्याला डिप्लोमाला घालायचं होतं. दोघांची मेस झेपत नव्हती. भांडायला मला जागाच उरली नाही. पोरीनं एवढंच विचारलं, "तीन वर्षांत परत येता येतं ना, मॅडम?" मी हो म्हटलं. नियमात आहेच तसं. नियमाप्रमाणे प्रमाणपत्रासाठी उन्हाळ्यात मिळवावे लागणारे चार जादा क्रेडिटही समजावले, अर्ज पुढे केला, सहीला पेनही माझंच दिलं.

तेव्हाची मी म्हणते, पूर्वीही नेलीच असती की, आणि वर 'बारावी पास' म्हणून. खरंय. पण पूर्वी "अर्धवट कशाला सोडता, पदवी तरी होऊ द्या" एवढं म्हणता यायचं. 'अर्धवट' या शब्दाची बापालाही थोडी लाज असायची, त्या लाजेवर कधी कधी दोन वर्षं निघून जायची. ती लाज मीच पुसून दिली. आणि एका वर्षाच्या त्या कागदावर पुण्यात कोण कामाला ठेवतं, हे पत्रक लिहिण्याआधी मी कुणालाही विचारलं नव्हतं.

शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा, असं कोठारी आयोगानं १९६६ साली सांगितलं. २०२०च्या या नव्या धोरणानंही तोच आकडा लिहिलाय. त्यातून एका मुलीची मेस निघाली असती की नाही, कोण जाणे.

म्हणजे सोय काढून टाकावी? तसंही मला म्हणवत नाही. मागच्याच महिन्यात एक मुलगा त्याच दारानं बाहेर पडला, आनंदात होता.

त्या पोरीची परत यायची मुदत २०२८पर्यंत आहे. यंदाचं पत्रकही माझ्याकडेच आलंय. ते वाक्य दोनदा खोडलं, दोनदा परत लिहिलं.