ऑर्गनवरचे देवदूत कोणी कोरले?

लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनने बांधलेले सेंट जेम्स चर्च आहे. १६८४ मध्ये ते उपासनेसाठी खुले झाले. त्याच्या पश्चिमेकडील सज्जावर एक जुना ऑर्गन उभा आहे. आपल्याकडे ऑर्गन म्हटले की संगीत नाटकांतली पायपेटी आठवते, पण हा भिंतीएवढा उंच, नळ्यांच्या मनोऱ्यांचा ऑर्गन आहे आणि त्या नळ्यांभोवती नक्षीदार लाकडी आवरण आहे. आवरणाच्या माथ्यावर सोन्याचा वर्ख दिलेल्या देवदूतांच्या आकृती आहेत. या आकृती ग्रिन्लिंग गिबन्स या सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या नामवंत लाकूड-कोरक्याच्या आहेत असे परंपरेने सांगितले जाते. मी या चर्चमध्ये वरचेवर जातो, दुर्बिणीतून त्या आकृती बराच वेळ न्याहाळतो आणि दर वेळी मला वाटते की ‘गिबन्सच्या’ या एका शब्दात तीन-चार वेगवेगळी विधाने एकत्र कोंबलेली आहेत. ती सुटी करून पाहायला हवीत.

आधी ऑर्गनचा इतिहास पाहू, कारण तो अटकळीचा नाही. हा ऑर्गन सेंट जेम्ससाठी घडवलेला नव्हता. राजा दुसरा जेम्स याने व्हाइटहॉलच्या राजवाड्यात स्वतःसाठी कॅथलिक प्रार्थनागृह बांधून घेतले आणि त्यासाठी रेनॅटस हॅरिस या कारागिराने १६८६ मध्ये हा ऑर्गन तयार केला. त्याच वर्षीच्या नाताळात ते प्रार्थनागृह खुले झाले. त्या काळचा रोजनिशीकार जॉन एव्हलिन याने २९ डिसेंबरच्या नोंदीत तेथील पांढऱ्या संगमरवरी पुतळ्यांचे कौतुक केले आणि ते काम गिबन्सचे असल्याचे नोंदवले. दोन वर्षांतच जेम्सला देश सोडून पळावे लागले, आणि १६९१ मध्ये राणी मेरीने हा ऑर्गन पिकॅडिलीच्या चर्चला देऊन टाकला. १६९८ च्या आगीत व्हाइटहॉलचा राजवाडा जवळजवळ सगळाच भस्मसात झाला. ऑर्गन तोपर्यंत तिथून हलला होता, म्हणून त्यावरच्या आकृती आज पाहायला मिळतात.

आता नावाकडे वळू. सतराव्या शतकाच्या अखेरच्या इंग्लंडमधले कोणतेही उत्तम लाकडी कोरीवकाम दिसले की ते गिबन्सच्या खात्यावर जमा करण्याची सवय फार जुनी आहे. डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थ वाड्यातले काम याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. अठराव्या शतकात होरेस वॉलपोलसारख्या जाणकारानेही ते गिबन्सचे मानले होते, परंतु वाड्याच्या हिशोबाच्या वह्या तपासल्यावर तिथे सॅम्युएल वॉटसन, जोएल लॉब आणि रॉजर डेव्हिस यांची नावे निघाली. गिबन्स पैसे मिळाल्यावर उघडी वाटाण्याची शेंग कोरत असे आणि न मिळाल्यास मिटलेली, अशी एक गोड दंतकथा अजूनही मार्गदर्शक सांगतात. तिच्या आधारे काहीच ठरवता येत नाही, कारण वाटाण्याच्या शेंगा त्या काळातल्या इतर कोरक्यांनीही कोरल्या आहेत. उलट बाजूचे उदाहरणही आहे. सेंट मेरी ॲबचर्च या छोट्या चर्चमधला वेदीमागचा लाकडी पडदा केवळ शैलीवरून गिबन्सचा मानला जाई, आणि १९४६ मध्ये चर्चच्या जुन्या कागदांत पैशांची मागणी करणारे त्याचेच पत्र सापडले. म्हणजे पारखी डोळ्याचा अंदाज खरा ठरू शकतो, पण तो खरा ठरवण्याचे काम शेवटी कागदानेच केले.

मात्र कागदावर नाव सापडले म्हणजे प्रश्न मिटला, असेही मी मानत नाही. गिबन्स हा मोठी कार्यशाळा चालवणारा माणूस होता. काम तो घेई, पैसेही त्याच्या नावे जमा होत, पण पटाशी अनेकांच्या हातांत असे. आज ट्रफाल्गर चौकात नॅशनल गॅलरीसमोर उभा असलेला दुसऱ्या जेम्सचा ब्राँझचा पुतळा ऑर्गनच्याच वर्षीचा, म्हणजे १६८६ चा आहे. तो गिबन्सच्या नावावर आहे, परंतु अठराव्या शतकातला कला-अभ्यासक जॉर्ज व्हर्ट्यू याने नोंदवून ठेवले आहे की त्याची घडण गिबन्सने कामावर ठेवलेल्या फ्लेमिश (म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातल्या) कारागिरांनी केली. व्हर्ट्यूचे मत असे की संगमरवर आणि ब्राँझ ही गिबन्सची माध्यमे नव्हती आणि त्या कामांसाठी तो उत्तमोत्तम माणसे मिळवत असे. व्हाइटहॉलची संगमरवरी वेदीसुद्धा त्याने एकट्याने केली नाही. अँटवर्पहून आलेला आर्नोल्ड क्वेलिन हा तिथे त्याचा सहकारी होता, आणि मानवी देह घडवण्यात क्वेलिनचा हात गिबन्सपेक्षा सरस होता याबद्दल मला शंका नाही. क्वेलिन १६८६ मध्येच, ऐन तिशीत वारला.

हा फरक सेंट जेम्समध्ये एकाच छपराखाली पाहता येतो. पूर्वेकडे वेदीमागे लिंडेनच्या फिकट, मऊ आणि एकसारख्या लाकडात कोरलेल्या फुलाफळांच्या माळा आहेत आणि मधोमध पिलांना छातीशी घेतलेली पेलिकन पक्षीण आहे. एव्हलिनने डिसेंबर १६८४ मध्ये हे काम पाहिले आणि गिबन्सचे नाव घेऊन त्याचे वर्णन केले. त्यामुळे कर्त्याबद्दल समकालीन साक्ष आहे. तिथे जवळ जाऊन पाहिले की पाकळी कडेला इतकी पातळ होत जाते की लाकडाची जाडी जाणवेनाशी होते. पाकळीच्या मागचे लाकूड आतून पोखरून काढलेले असल्याने तिची सावली भिंतीवर सुटी पडते. वेगवेगळे कोरलेले तुकडे थरावर थर बसवून अशी खोली साधणे ही गिबन्सच्या कार्यशाळेची खरी खूण आहे. पश्चिमेकडच्या सोनेरी आकृतींमध्ये मी हीच खूण शोधत राहतो आणि ती मला तिथे मिळत नाही. अर्थात, मिळणार तरी कशी? त्या आकृती तीस-चाळीस फुटांवरून, खालून वर पाहण्यासाठी घडवल्या आहेत. वस्त्राच्या चुण्या रुंद ठेवल्या नसत्या तर त्या खालून वाचताच आल्या नसत्या. त्यातून वर्ख देण्याआधी लाकडावर खडू आणि सरसाचा लेप चढवतात, आणि तो पटाशीच्या बारीक खुणा बुजवून टाकतो. आज आपण पाहतो ती कडा कोरक्याची नसून वर्ख देणाऱ्याची असू शकते, आणि पुन्हा पुन्हा वर्ख दिलेल्या आकृतीच्या बाबतीत तर ही शक्यता प्रत्येक थरागणिक वाढत जाते.

म्हणून या आकृतींची तुलना पूर्वेकडच्या फुलांशी करणे मला चुकीचे वाटते. तुलना करायचीच, तर ती व्हाइटहॉलच्या वेदीवरच्या संगमरवरी देवदूतांशी केली पाहिजे. राणी ॲनने ती वेदी वेस्टमिन्स्टर ॲबीला दिली, चौथ्या जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या वेळी ती तिथून काढली गेली, आणि तिचे काही भाग आज सॉमरसेटमधल्या बर्नहॅम-ऑन-सी या गावच्या चर्चमध्ये आहेत. एकाच इमारतीसाठी, एकाच वर्षात, एकाच कार्यशाळेच्या वर्तुळात झालेल्या कामात लाकडाचा देवदूत आणि दगडाचा देवदूत एकाच मातीच्या नमुन्यावरून घडला असण्याची शक्यता पुष्कळ आहे. गालांची ठेवण, पापणीची जाडी, मनगटापाशी पडणारी वळी आणि पंखांचे मूळ खांद्याला कुठे जोडले आहे, या गोष्टी माध्यम बदलले तरी सहज बदलत नाहीत, आणि वर्खाच्या थरांखालीही त्या टिकतात.

मला पाटी लिहायला सांगितली तर मी ‘गिबन्सची कार्यशाळा, १६८६ च्या सुमारास, आकृतींचा नमुना बहुधा फ्लेमिश शिल्पकाराचा’ असे लिहीन. मात्र ही पाटी सगळ्या आकृतींना सरसकट लावणार नाही. कॅथलिक राजाच्या खासगी प्रार्थनागृहातून ऑर्गन प्रॉटेस्टंट पॅरिश चर्चमध्ये आला, तेव्हा माथ्यावरची मांडणी जशीच्या तशी राहिली असेल असे गृहीत धरता येत नाही. १९४० च्या बाँबहल्ल्यात चर्चचे छप्पर कोसळले आणि त्यानंतरच्या दुरुस्तीत आणखी काही हात लागले असणार. पुढच्या वेळी आवरणाच्या सफाईसाठी परांची बांधली जाईल, तेव्हा चेहऱ्यांआधी पाठी तपासाव्यात. लाकूड तडकू नये म्हणून पाठीमागून पोकळ केलेला भाग कोणत्या पटाशीने काढला आहे, आकृती आवरणाला जोडणारे खिळे हाताने ठोकून केलेले आहेत की यंत्राचे, आणि आजच्या बैठकीशी न जुळणारी जुनी भोके कुठे उरली आहेत, हे प्रत्येक आकृतीसाठी वेगवेगळे नोंदवले पाहिजे.