नऊ तास, दोन पोरं आणि एक चिकटपट्टी

आज नऊ तासांचा विमानप्रवास, सोबत दीड आणि चार वर्षांची दोन कार्टी. टॅब कार्टूनने गच्च भरून नेला होता. धाकटीने हेडफोन डोक्याला लावूच दिले नाहीत. विषय संपला.

कामी आली ती पर्समधली चिकटपट्टी. कागदी, अलगद निघणारी. समोरच्या ट्रेवर तिचे रस्ते केले, चौक केले, शर्टाच्या एका सुट्या बटणाची गाडी केली. पाऊण तास निघाला हो! थोरल्याने तर अख्खा विमानतळ आखला. धाकटीला नुसती पट्टी ओढून काढण्यातच स्वर्ग. मुद्दाम घेतलेली नवी खेळणी पिशवीतच राहिली. (एक सीटखाली गेलं, ते बहुतेक अजून उडतंय.)

खरी धास्ती उतरतानाची. विमान खाली येताना केबिनमधला हवेचा दाब वाढतो आणि लहान मुलांची कान-घशामधली नळी अरुंद असते, म्हणून कानात दडे बसतात, मग रडारड. गिळलं की ती नळी उघडते. त्यामुळे उतरायच्या अर्धा तास आधीपासून धाकटीला घोट घोट पाणी पाजत राहिले. त्याआधी झोपली होती, तिला उठवणं जिवावर आलं, पण उठवलं. थोरल्याशी जांभयांची शर्यत लावली. ती मीच जिंकले, आणि नाटक करावं लागलं नाही.

पुढच्या सीटवरच्या काकांनी सगळ्या लाथा मुकाट सोसल्या. उतरताना पाहिलं तर त्यांच्या पाठीला आमच्या धावपट्टीचा वीतभर तुकडा चिकटलेला. सांगायचं धाडस झालं नाही.