विषारी झाड घरात कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून…

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर मी स्वतःहून या विषयाला हात घालत नाही, एकदा सुरू झाले की थांबत नाही म्हणून घरचे वैतागतात. आमच्या टेरेसवर अडेनियमच्या कुंड्या आहेत. जाडजूड बुंधा, वर चारपाच फांद्या, उन्हाळ्यात गुलाबी फुलांनी लगडलेलं, नर्सरीवाले डेझर्ट रोज म्हणून विकतात तेच (गुलाबाशी काडीचा संबंध नाही, गुलकंदाचा विचारसुद्धा मनात आणू नका). आलेला माणूस आधी फोटो काढतो, बुंध्यावरून हात फिरवतो, आणि मग कुणीतरी मोबाईलवर सर्च करून हळूच विचारतं, "काकू, हे विषारी असतं म्हणे? मग घरात कशाला ठेवता?"

हो, आहे विषारी. पान, फूल, शेंग, मूळ, चीक, सगळंच. "काही होत नाही हो मॅडम" असं मी म्हणणार नाही, ते नर्सरीवाल्याने म्हणावं, त्याला कुंडी खपवायची असते.

पण मग मी उलट विचारते, तुमच्या सोसायटीच्या कंपाउंडला कण्हेर आहे की नाही? असतेच. हायवेच्या डिव्हायडरवर किलोमीटरच्या किलोमीटर कण्हेर लावलीय, धुराला उन्हाला दाद देत नाही आणि गुरं तोंड लावत नाहीत म्हणूनच लावलीय. महादेवाला आपण तीच फुलं वाहतो. आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तिच्या बियांनी तर आमचं अख्खं बालपण खेळण्यात गेलं, फ्रॉकच्या खिशात बिट्ट्या घेऊन शाळेत जायचो, कुणी अडवलं नाही. त्याच बिया खाऊन श्रीलंकेत इतके लोक दगावलेत की तिथल्या डॉक्टरांना त्यावर वेगळा अभ्यास करावा लागला. अडेनियम या दोघींच्याच कुळातलं. पांढरा चाफा आणि सदाफुलीही त्याच कुळातल्या, पण त्यांचं रसायन वेगळं. तर मुद्दा असा की विषारी झाडाशेजारी आपण सगळे आधीपासूनच राहतोय, फरक एवढाच की अडेनियमबद्दल लोकांनी मोबाईलवर वाचलंय आणि कण्हेरीबद्दल वाचलेलं नाही.

आता विष म्हणजे नक्की काय ते एकदा नीट समजून घ्या म्हणजे उगीच घाबरणं होणार नाही आणि उगीच शूरपणाही होणार नाही. हृदयाच्या पेशींमध्ये सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा पंप असतो, या झाडातले ग्लायकोसाइड्स नावाचे पदार्थ तो पंपच अडवतात. आधी मळमळ, उलट्या, पोटात मुरडा, मग नाडी मंद होते, ठोके चुकायला लागतात. ज्यांच्या घरात कुणी हृदयासाठी डिगॉक्सिनची गोळी घेत होतं त्यांना हे पटकन कळेल, कारण ते औषध याच जातीचं, फक्त ते डिजिटॅलिस नावाच्या वेगळ्याच झाडातून आलं. माझ्या सासऱ्यांना ती गोळी होती, इवलीशी पांढरी, आणि डॉक्टरांनी बजावलेलं की सोमवार ते शुक्रवार घ्यायची, शनिवार रविवार सुट्टी. तेव्हा सासूबाई म्हणायच्या, गोळीला कसली आलीय सुट्टी? पण औषधाचा डोस आणि विषाचा डोस यांच्यात अंतरच इतकं कमी की ती अंगात साठू नये म्हणून ही काळजी. आणि तिथे निदान मोजून मापून बनवलेली गोळी असते, झाडाच्या पानात किती आहे ते कोण मोजणार? म्हणून कुणी व्हॉट्सअपवर अडेनियमचा काढा वगैरे पाठवला तर तिथल्या तिथे डिलीट करा.

बरं, नुसतं विषारी आहे म्हणून सोडून देण्यापेक्षा ते विषारी का आहे हे बघा ना, मला तर खरी गंमत तिथेच वाटते. तुम्हाला जो बुंधा आवडतो ना, ज्याच्यावरून हात फिरवता, ती त्याची पाण्याची टाकी आहे. मूळ गाव आफ्रिकेतला सहाराच्या खालचा कोरडा पट्टा, पूर्व आफ्रिका, येमेन, ओमान, सौदीचा डोंगराळ भाग. तिथे वर्षातले कितीतरी महिने पाऊस नाही, हिरवं पान दिसायची मारामार, आणि अशा जागी तुम्ही अंगात पाणी साठवून उभे राहिलात तर पहिली शेळी येऊन तुम्हाला कुरतडून टाकणार. येमेनच्या सोकोत्रा बेटावर शेळ्यांनी बाकीची रोपटी वर येऊ द्यायची नाहीत असं करून ठेवलंय, पण चुनखडीच्या नुसत्या खडकावर ही अडेनियम फुगलेल्या बुंध्यानिशी आरामात उभी असतात. विष नसतं तर टाकी राखली गेली नसती, आणि टाकी नसती तर तुम्ही त्याचा फोटोही काढला नसता. त्यामुळे "झाड छान आहे पण विषारी आहे" यातला पण मला मान्य नाही.

माणसाने अर्थात त्याचाही उपयोग शोधला. टांझानियातले हाड्झा लोक शिकारीवर जगणारे, ते याचा रस आटवून आटवून घट्ट करतात आणि बाणाच्या टोकाला फासतात. आणि शास्त्रीय पुस्तकात हे झाड आलं त्याची कथा तर आपल्या मुंबईपर्यंत येते. 1761 मध्ये डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात एक मोहीम पाठवली, त्यात फोर्स्कोल नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता, त्याने येमेनमध्ये हे झाड बघितलं आणि कण्हेरीच्याच गटात घातलं, नजर बघा माणसाची. 1763 मध्ये तो तिथेच तापाने गेला. त्याच्या सोबतचे लोकही एकेक करून गेले, त्यातला नीबूर तेवढा वाचला, त्याच साली तो जहाजाने मुंबईला पोचला, आजारातून उठला, घारापुरीच्या लेण्यांची मापं घेतली, चित्रं काढली, आणि पुढे घरी परत जाऊन 1775 मध्ये मित्राच्या टिपणांचं पुस्तक छापलं. त्यात हे झाड आहे. घारापुरीला गेले की मला हटकून तो आठवतो, सोबतच्यांना मात्र ही कथा आता पाठ झालीय आणि ते पुढे निघून जातात.

असो. सांभाळायचं कसं, हे विचारलं नाहीत तरी सांगणार.

मी सोलापूरची. ऊन आमच्याकडे फुकट, मे महिन्यात पारा 43 वर गेला की माणसं घरात आणि अडेनियम खुशीत. पाऊसही बेताचाच. पण माती? आमची काळी माती मालदांडी ज्वारीला सोनं आहे, नुसत्या ओलीवर पीक उभं राहतं, आणि नेमक्या त्याच गुणामुळे अडेनियमला ती चालत नाही. पाणी धरून ठेवते, मुळं गुदमरतात, मग कुजतात. त्यामुळे शेतातली माती आणून कुंडी भरली असं करू नका. मी अर्ध्याहून जास्त जाडी वाळू आणि भट्टीचं सिंडर, म्हणजे जळक्या कोळशाचे खडे, घेते, चाळून, बारीक भुकटी फेकून द्यायची, मग थोडं गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड, झालं. पाणी ओतलं की ते खालच्या भोकातून लगेच बाहेर यायला पाहिजे, वर तळं साचलं तर मिश्रण चुकलं समजा. नर्सरीतून आणलेलं रोप बहुतेक वेळा चिकट लाल मातीत किंवा नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, असतं, विकायला ठीक आहे, पण पावसाळ्याच्या आत ते बदलाच.

पाणी किती, हा पुढचा प्रश्न, आणि लोकांना याचं उत्तर "आठवड्यातून दोनदा" असं पाहिजे असतं. तसं नसतं. अंगठ्याने बुंधा दाबून बघा. कच्च्या बटाट्यासारखा टणक लागला तर त्याला काही नको, जा आपल्या कामाला. थोडा दबला आणि माती कोरडी असेल तर तहान लागलीय, भरपूर घाला, दोन दिवसात परत टणक होतो. दबला आणि माती ओली असेल तर मात्र गडबड आहे, आत कूज सुरू झालीय, त्याच दिवशी कुंडीतून काढायचं, मुळं धुवायची, मऊ तपकिरी भाग आहे तेवढा स्वच्छ गर दिसेपर्यंत कापून टाकायचा, दया दाखवायची नाही, मग बुरशीनाशक पावडर लावून सावलीत उलटं टांगून ठेवायचं, कापलेला भाग कोरडा खडखडीत होईपर्यंत. बघणाऱ्याला वाटतं मेलं, पण टाकी भरलेली असते ना, आठवडा पंधरा दिवस विनामाती सहज काढतं.

रत्नागिरीला माझी बहीण आहे, तिच्याकडे हेच झाड म्हणजे रोजची लढाई. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, जून ते सप्टेंबर हवासुद्धा ओली. तिने पत्र्याखाली स्टँड केलाय, पाऊस लागणार नाही पण उजेड मिळेल असा, आणि ते चार महिने पाणी जवळजवळ बंद. कोकणातल्यांनी तसंच करा. यात एक गंमत म्हणजे हाच नैऋत्य मोसमी वारा ओमानच्या सलालाजवळच्या डोंगरांवरही जातो, तिथे ते खरीफ म्हणतात, धुकं आणि भुरभुर, आणि त्याच डोंगरउतारांवर ही झाडं रानात वाढतात. म्हणजे मान्सून त्यांना नवीन नाही, पण तिथे पाणी खडकावरून वाहून जातं, कुंडीत साचून राहत नाही, सगळा फरक तिथेच पडतो.

थंडीत पानं पिवळी पडून गळतात. गळू द्या. त्या वेळी घाबरून पाणी आणि खत घालणारे लोकच जास्त झाडं घालवतात. फेब्रुवारीत उन्हाचा चटका सुरू झाला की छाटणी आणि कुंडी बदलणं, दोन्ही तेव्हाच. दरवेळी झाड आधीपेक्षा बोटभर वर उचलून लावायचं, म्हणजे जाड मुळं हळूहळू उघड्यावर येतात, तो बुंधा बुंधा म्हणून तुम्ही बघता त्यातला बराचसा भाग मुळांचाच असतो. बियांपासूनच्या रोपाला तो आपोआप येतो, फांदी लावून केलेल्याला तसा धरत नाही. थायलंडकडच्या दुहेरी पाकळ्यांच्या रंगीत जाती कलमाच्या असतात, कलमाच्या खालून फूट आली की खुडायची, नाहीतर साधा गुलाबीच सगळं झाड बळकावतो.

आणि आता पाहुण्यांबद्दल. एखाद्या सकाळी टेरेसवर जावं तर एका झाडाची निम्मी पानं गायब आणि खाली फरशीवर मिऱ्याएवढ्या काळ्या लेंड्या पडलेल्या. वर बघायचं, अगदी नीट, कारण ती दिसत नाही. बोटाएवढी जाड हिरवीगार अळी, शेपटाकडे छोटं शिंग, आणि हात लावला की डोकं आत ओढून घेते आणि मानेवर दोन निळे डोळे उघडतात, खोटे डोळे, पण पहिल्यांदा बघणारा किंचाळतोच. कण्हेरीवरच्या पतंगाची अळी ही. हृदय बंद पाडणारं पान कचाकचा खाते आणि वर ढेकर देते. पतंग झाला की हिरव्या गुलाबी छटांचा, लष्करी कपड्यांसारखा नक्षीदार, इतका देखणा की मला फवारणी करवत नाही, मी चिमट्याने अलगद उचलून कंपाउंडच्या कण्हेरीवर नेऊन सोडते. मिलीबगला, त्या पांढऱ्या कापसासारख्या किडीला, मात्र माफी नाही, तिथे कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी.

छाटणीच्या वेळी काळजी घ्यावीच लागते. हातमोजे, आणि चष्मा असेल तर चष्मा, चीक डोळ्यात उडाला तर फार त्रास होतो. कात्री वेगळी ठेवायची, तीच घेऊन कोथिंबीर कापायला बसायचं नाही. काम झालं की साबणाने हात. नखाजवळ जखम असेल तर त्या दिवशी छाटणीच नको. आणि छाटलेल्या फांद्या रस्त्याकडेला किंवा उघड्या कचराकुंडीत अजिबात टाकायच्या नाहीत. उभ्या कण्हेरीला गुरं तोंड लावत नाहीत ते तिच्या कडवटपणामुळे, पण वाळलेल्या फांद्या इतर पाल्यात मिसळल्या की भुकेलं जनावर खातं, आणि त्यात मरतंही. मी पिशवीत बांधून, वर लिहून घंटागाडीवाल्याच्या हातात देते. देवाला फूल वाहिलं तर वाहा, पण नैवेद्याच्या ताटात किंवा केकवर सजावट म्हणून नको, तसला फोटो बघितलाय मी, म्हणून सांगतेय. कुणी खाल्लंच तर मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका, थेट दवाखाना, आणि सोबत झाडाची एक फांदी न्या म्हणजे डॉक्टरांना अंदाज येतो.

रोपं मागणारेही पुष्कळ असतात. शेंगा जोडीने येतात, दोन शिंगांसारख्या, तडकायच्या आत मी दोरा बांधून ठेवते, नाहीतर दोन्ही टोकांना तुरा असलेल्या बिया वाऱ्यावर शेजाऱ्यांच्या टेरेसवर जातात. ताज्या बिया आठवडाभरात उगवतात, त्यामुळे रोपांना तोटा नाही. पण घरात रांगतं मूल असेल, किंवा दिसेल ते चावणारं कुत्र्याचं पिल्लू असेल, तर मी देत नाही, तोंडावर सांगते, रागवा हवं तर. मूल शाळेत जायला लागलं की या. बाकीच्यांनी फेब्रुवारीच्या शेवटी या, येताना वाळू चाळून आणा, तेवढी मात्र माझ्याकडून मिळणार नाही.