फुकटचं मॉडेल

"मॉडेल फुकट मिळतं म्हणून काढतात हो स्वतःचं चित्र!" आज कुणीतरी सहज म्हणालं. डोक्यातून जाईना.

फुकट, हे खरंच. पण डच चित्रकार रेम्ब्रांटने १६३० मध्ये स्वतःचं केलेलं ते एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून कागदावर छापलेलं चित्र) बघा. जेमतेम ५ सेंटिमीटर, डोळे वटारलेले, तोंड अर्धवट उघडं. असा दचकलेला चेहरा धरून कोण बसेल? आरशासमोर मात्र हवं तितक्यांदा दचकता येतं.

शिवाय आरशाने उलटवलेलं डावं-उजवं छापताना परत सरळ होतं. कॅनव्हासवर ही सोय नाही. व्हॅन गॉगने कापला डावा कान, १८८९ च्या चित्रात पट्टी उजव्यावर.

फसतं भलतीकडेच. पॅलेटवरून नजर उचलेपर्यंत डोकं बोटभर सरकलेलं असतं. नाकाच्या शेंड्याशी आरशावर ग्रीस पेन्सिलने ठिपका करायचा, मान दरवेळी तिथेच आणायची.

नजर मात्र रोखलेलीच येते. ती सैल कशी करता?