लवंगेचं तेल आणि उलटा आलेख

एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टला मी हा विषय घेतला तो सोपा वाटला म्हणून. दाढ ठणकली की लवंग धरायची, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. दातावर थर करून बसणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स या जंतूवर लवंगतेल कितपत चालतं, एवढंच मला मोजायचं होतं.

पहिला घोळ तेल काढतानाच झाला. पाव किलो लवंग भरड कुटून क्लेव्हेंजरला, म्हणजे वाफेनं तेल काढायच्या काचेच्या उपकरणाला, लावली. दोन तासांनी मजलाभर वास, पण नळीत तेलाचा पत्ता नाही. आमचे लॅबवाले काका डोकावून म्हणाले, "ताई, हे तेल बुडतं." बहुतेक सुगंधी तेलं पाण्यावर तरंगतात, लवंगेचं मात्र पाण्याहून जड. माझी नळी हलक्या तेलांची होती. खाली बसलेलं तेल परतीच्या पाण्याबरोबर पुन्हा फ्लास्कमध्ये जात होतं. जड तेलाची नळी दुसऱ्या विभागातून उसनी आणली.

जंतू चंदीगडच्या एमटीसीसी या जंतुसंग्रहातून मागवले, क्रमांक 890. कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर आमच्याकडे नाही, म्हणून मोठ्या बरणीत पेटती मेणबत्ती ठेवून झाकण लावायचं. ज्योत विझली की काम झालं: आत प्राणवायू कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त. ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या पातळ खाद्यात, एक टक्का साखर घातली. साखरेपासून हे जंतू ग्लुकन नावाचा डिंक बनवतात आणि भिंतीला असे चिकटतात की नळी आडवी केली तरी थर जागचा हलत नाही.

तरंगत्या जंतूंवर तेल छान चाललं. तेल-पाणी एकत्र ठेवणारं ट्वीन 80 घालून पाण्यात मिसळलं, पायरीपायरीनं पातळ करत नेलं, किती तेलात जंतू मरतात तो आकडा मिळाला. मग शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये थर वाढवला, तेल घातलं, धुतलं, क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगानं रंगवलं; जितका थर उरला, तितका रंग गडद यायला हवा. रीडिंग बघून हबकले. जितकं तेल जास्त, तितका रंग गडद! म्हणजे लवंगेवर जंतू पोसले जातायत की काय?

तीन प्लेटा, तीच रड. गाईड मॅडमनी एकच विचारलं, "नुसतं तेल, जंतू नाहीत, असा खळगा ठेवलायस का?" नव्हता ठेवला. ठेवला, तर तोही जांभळा! प्लेट उजेडात तिरकी धरली तेव्हा दिसलं: जास्त तेलाच्या खळग्यांचे तळ दुधाळ, खरबरीत झाले होते. लवंगतेलातलं युजेनॉल हे मुख्य द्रव्य प्लेटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, खातं. मी महिनाभर प्लास्टिक रंगवत होते.

मग सगळं काचेच्या नळ्यांत, पहिल्यापासून. त्यात आणखी एक कळलं: क्रिस्टल व्हायोलेट मेलेले आणि जिवंत सारखेच रंगवतो. म्हणून थर खरवडून मायटिस-सॅलिव्हेरियस आगरवर, म्हणजे या जंतूंच्या घट्ट खाद्यावर, पसरला; जिवंत असतील तेवढेच उगवतील. तरंगते जंतू ज्या तेलात मरत होते, त्याच्या तीन पायऱ्या वर गेल्यावरसुद्धा थरातून वसाहती उगवत होत्या. सूक्ष्मदर्शकातून जंतू पहिल्यांदा पाहणाऱ्या लेवेनहुकनं 1680च्या दशकात व्हिनेगरनं दात धुऊन हेच पाहिलं होतं: वरचे मेले, आतले शाबूत.

व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी आलेख भराभर उलटले आणि दुधाळ खळग्यांच्या फोटोपाशी थांबले. "दालचिनीच्या तेलानं आमच्याही विद्यार्थ्याच्या प्लेटा अशाच गेल्या," म्हणाले. "त्यानं थीसिसमध्ये लिहिलं मात्र नाही."