पार्किंग लॉटमधला पाडवा

शुक्रवार, १ नोव्हेंबर २०२४, रात्र

यंदा लक्ष्मीपूजन ३१ ला की १ ला, यावरून मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आठवडाभर खल चालला होता. मी काल गुरुवारीच उरकून टाकलं. पंचांगाचा आधार होताच, पण खरं कारण पार्किंगचा पास. नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राचं मोटारहोम आहे, म्हणजे राहायची सोय असलेली मोठी गाडी, आणि पेन स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल मॅचची दोन सीझन तिकिटं. या खेपेला त्याची बायको येणार नव्हती. "तुम्ही दोघं चला, शुक्रवारीच जाऊ, लॉटमध्येच झोपू," म्हणाला. नवरा लगेच हो म्हणून मोकळा झाला. तिकीट एकच रिकामं, ते अर्थातच त्याला. लेक तिथे दुसऱ्या वर्षाला आहे, निदान पाडव्याला तिचं तोंड दिसेल, म्हणून मीही फराळाचे डबे भरले.

हॅरिसबर्गहून ३२२ नंबरचा हायवे धरायचा, जुनियाटा नदीच्या कडेकडेने लुईसटाउन, मग सेव्हन माउंटन्सचा चढ. नव्वद एक मैल. गाडीत हे जाणवत नाही, पण मोटारहोम चढाला लागलं की कपाटातली प्रत्येक वस्तू आपण आहोत असं सांगायला लागते. चकलीचा डबा मी मांडीवरच ठेवला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निवडणुकीच्या पाट्याच पाट्या. मंगळवारी मतदान आणि पेनसिल्व्हेनिया काठावर, त्यामुळे महिनाभर टीव्ही लावायची सोय राहिलेली नाही. लॉटमध्ये तरी वेगळे झेंडे बघायला मिळतील, एवढंच समाधान.

अंधार पडता पडता पोचलो. पार्किंग लॉट म्हणजे मी डांबराचं मैदान धरून चालले होते. प्रत्यक्षात गवताचं कुरण, आणि त्यात रांगेने शेकडो मोटारहोमं, ट्रेलर, रंगवलेल्या जुन्या स्कूलबस. मागे टेकाडासारखं बीव्हर स्टेडियम. ते इतकं उघड्यावर कसं, याचं उत्तर मित्राने चाकाखाली प्लास्टिकच्या पट्ट्या सरकवता सरकवता दिलं. १९६० पर्यंत स्टेडियम कँपसच्या दुसऱ्या, पश्चिमेच्या अंगाला होतं. मग ते सुमारे सातशे तुकड्यांत सुटं केलं, मैलभर पूर्वेला शेतजमिनीच्या कडेला आणलं आणि पुन्हा जोडलं. तेव्हा बसायला ४६,२८४ जागा होत्या, आता १,०६,५७२. १९७८ मध्ये तर अख्खे स्टँड हायड्रॉलिक जॅकवर उचलून खाली नव्या रांगा घातल्या. शेतकी कॉलेजची कुरणं आजूबाजूला होती म्हणून गाड्यांना जागा मिळाली. स्टेट कॉलेज या गावाची वस्ती जेमतेम चाळीस हजार. उद्या त्याच्या अडीचपट माणसं नुसती खुर्च्यांवर बसतील.

त्या पट्ट्यांचं प्रकरण मला आवडलं. फरशीवर बुडबुड्याची पातळी ठेवायची, बुडबुडा मधोमध आला की हात वर करायचा, की ड्रायव्हरने थांबायचं. जमीन कलती राहिली तर इथला गॅसवरचा फ्रिज धड चालत नाही आणि कपाटांची दारं आपोआप उघडतात. नवरा खाली वाकून सूचना देत होता, अर्थात न विचारता.

इथे वीज नाही, नळ नाही, गटाराची जोडणी नाही. पाणी टाकीतलं, दिवे बॅटरीवर, शेगडी नि हीटर प्रोपेनवर. जनरेटर लावता येतो, पण रात्री तो बंद. लावलाच तर शेजाऱ्याच्या खिडकीखाली धूर जात नाही ना ते आधी बघायचं. कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. मित्राने झोपण्याआधी छताजवळच्या अलार्मचं बटण दाबून पीं करून दाखवलं तेव्हा मला बरं वाटलं.

डावीकडचे शेजारी अल्टूनाचे आजी-आजोबा. आम्ही उतरेपर्यंत आजी दोन खुर्च्या उघडून उभी. नाव विचारायच्या आधी सूप हातात. त्यांची ही जागा त्यांची मुलं पाळण्यात असल्यापासूनची, आणि ती मुलं आता स्वतःची मुलं घेऊन पलीकडच्या ट्रेलरमध्ये. आजूबाजूचेही तेच ते लोक. वर्षाला सहा-सात शनिवार भेटतात. कोण आजारी आहे, कोणाचा कुत्रा गेला, सगळं ठाऊक.

हे फुकटचं गोकुळ नाही, हेही लिहून ठेवते. तिकीट कुठलं आणि पार्किंग कुठलं हे निटनी लायन क्लबच्या, म्हणजे संघाच्या देणगीदारांच्या क्लबच्या, पॉइंटांवर ठरतं, आणि पॉइंट देणगीवर. जवळचं गवत हवं तर जास्त देणगी. शेकोटीभोवती सगळे एका रांगेत बसतात ते खरं, पण ती रांग कुठे लागायची ते चेकबुक ठरवतं. आजोबांना मी हे आडून विचारलं. म्हणाले, नवरा-बायकोत नवी गाडी की ही जागा असा वाद दोनदा झाला, आणि दोन्ही वेळा जागा जिंकली.

शनिवार, २ नोव्हेंबर

पाडवा. मोटारहोममधला गीझर सहा गॅलनचा, आणि वापरलेलं पाणीही टाकीतच साठतं, ती भरली की संपलं. तेव्हा अंघोळीची पद्धत अशी: ओलं व्हायचं, नळ बंद, साबण, नळ सुरू, बाहेर. मी सुगंधी तेलाची बाटली काढली तेव्हा मित्राने हात जोडले. तेल मनगटाला लावलं, उटणं तोंडाला, झालं अभ्यंगस्नान. निरांजनाला मीच नको म्हटलं, गॅसच्या सिलिंडरवर झोपलेलो असताना ज्योत कशाला. तबकात बॅटरीची पणती ठेवून नवऱ्याला ओवाळलं. ओवाळणीत काय, तर "आज संध्याकाळची भांडी मी घासतो." कागदी ताटल्या आहेत हे त्याला माहीत होतं.

मॅच ओहायो स्टेटशी, दुपारी बाराची, म्हणून लॉट पहाटेच जागा. बाराच्या मॅचला जाणकार नाकं मुरडतात, टेलगेटला, म्हणजे मॅचआधी गाडीपाशी खाण्यापिण्याला, वेळच मिळत नाही म्हणे. साडेसहाला लोखंडी तव्यांवर कांदा परतल्याचा वास सुटला. आजीच्या तव्यावर पिरोगी: बटाटा आणि चीज भरलेल्या, लोण्यात दोन्ही बाजूंनी लालसर. या भागातल्या खाणींत नि गिरण्यांत पोलंड-स्लोव्हाकियाकडून आलेल्या माणसांबरोबर त्या आल्या. कडेला तिने तांबूस-तपकिरी गोळ्यांची ताटली मांडली होती, पीनट बटरचे, चॉकलेटमध्ये बुडवलेले, डोक्याचा भाग उघडा. हे बकाय. ओहायो स्टेटच्या संघाचंच नाव. आजी म्हणाली, आधी शत्रूला खायचं, मग मॅच. मी शेजारी बेसनाचे लाडू आणि चकल्या ठेवल्या. लाडवांना "छान आहे" असं सभ्य उत्तर मिळालं. चकल्या मात्र पंधरा मिनिटांत गायब. आजोबांनी सकाळी आठला यिंगलिंग बीअरचा कॅन उघडून चकलीबरोबर घेतला आणि "हा प्रेट्झेल तिखट आहे, चांगला आहे" असा निकाल दिला. प्रेट्झेलच्या राज्यातला माणूस बोलला म्हणजे मान्य करायला हवं.

लेक साडेसातला आली. गालावर निळा पंजा, पायात मोजे दोन वेगवेगळे.

"आई, अगं तू इथे स्टॉल टाकलास का?"

"बस, आधी ओवाळते."

"इथे? सगळ्यांसमोर?"

ओवाळून घेतलं तिने, आणि आजीच्या नातवाने मलाही म्हणून मान पुढे केली, त्यालाही ओवाळलं. मग तिने तीन पिरोगी, दोन लाडू खाल्ले, मैत्रिणींसाठी चिवडा बांधून घेतला आणि विद्यार्थ्यांच्या रांगेत पळाली. सगळी मिळून वीस मिनिटं.

मग मी एकटीच लॉटभर फिरले. चार गाड्या सोडून एक लालभडक बस, ओहायोहून रात्रभर चालवून आलेली. एकाने "ओ-एच" ओरडलं की उरलेल्यांनी "आय-ओ". आमच्या रांगेतून लगेच "वी आर", आणि पलीकडच्या रांगेतून "पेन स्टेट". हे तासभर न कंटाळता चालतं. मधल्या गवतावर दोन्हीकडची पोरं मिळून कॉर्नहोल खेळत होती, भोकाच्या फळीवर पिशव्या फेकायचा खेळ.

मला एक गोष्ट इथे फार सुखाची वाटली. मंडळाच्या दिवाळीला शाळेच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की पहिल्या पाच मिनिटांत तीन प्रश्न येतात: घर कुठे, जॉब कुठे, मुलगी कशात. काल रात्रीपासून मला हे कुणीच विचारलेलं नाही. विचारतात ते, पहिल्यांदाच का? बसायला खुर्ची आहे का? कांदा चालतो का? उद्या मी यांच्यापैकी कोणाला वाण्याच्या दुकानात भेटले तर बोलू की नाही कोण जाणे, पण तो वेगळा मुद्दा.

अकराला नवरा आणि मित्र आत गेले. लॉट रिकामा होईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. तिकीट नसलेले, किंवा गुडघ्यांमुळे पायऱ्या चढू न शकणारे बरेच मागे राहतात. आजी त्यांतली. तिच्या मोटारहोमच्या बाहेरच्या भिंतीत टीव्ही आहे. झाकण उघडलं की दिवाणखाना तयार. आम्ही सहा-सात जण ऑनिंगखाली, म्हणजे गाडीला लावलेल्या कापडी छपराखाली, पांघरुणं घेऊन बसलो.

आणि इथे असं काही घडलं जे आत बसलेल्यांना कळणारच नाही. टीव्हीचं चित्र काही सेकंद उशिरा येतं. स्टेडियमचा आवाज मात्र थेट. पहिल्या क्वार्टरमध्ये, म्हणजे खेळाच्या पहिल्या पाव भागात, पडद्यावर ओहायोचा क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा गडी, अजून चेंडूची वाट बघत उभा, आणि मागून असा गडगडाट आला की टेबलावरचे चमचे वाजले. आजी उभी राहून टाळ्या पिटायला लागली. मला काहीच दिसलं नव्हतं. मग पडद्यावर त्याने चेंडू फेकला, पेन स्टेटच्या झायन ट्रेसीने मध्येच झेलला आणि ३१ यार्ड पळत गोललाइनपार जाऊन टचडाउन केला. १०–०. नातवाने याचा खेळच केला: आवाज ऐकायचा आणि काय झालं असेल ते चित्राआधी सांगायचं. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत मीही बरी खेळत होते. प्रतिस्पर्ध्यांकडे चेंडू असला की सतत गोंगाट, आपल्याकडे असला की शांतता, हे नियम समजले की पुढचं जमतं.

चौथ्या क्वार्टरमध्ये धावफलक २०–१३, ओहायो पुढे. पेन स्टेट गोललाइनपासून तीन यार्डांवर, हातात चार प्रयत्न. तीन यार्ड म्हणजे या ऑनिंगची लांबीसुद्धा नाही. टीव्हीवर पहिला प्रयत्न सुरू होण्याआधी आम्ही कान टवकारले. काही नाही. पडद्यावर मग केट्रॉन अ‍ॅलन धावला, अडला. दुसरा: काही नाही. धावला, अडला. तिसरा: तेच. चौथ्याला पडद्यावर संघ अजून रांग लावत होता, तेवढ्यात मागून आवाज आला. ओरडणं नव्हे, एक लाखावर माणसांनी एकदम सोडलेला श्वास. आजी उठली, तव्याखालचा गॅस बंद केला आणि पिरोगींचा उरलेला डबा फॉइलने झाकायला लागली. तिची पाठ टीव्हीकडे होती तेव्हा पास जमिनीवर पडला. त्यानंतर ओहायोने चेंडू परत दिलाच नाही.

आज १,११,०३० प्रेक्षक होते म्हणे, स्टेडियमच्या इतिहासातली तोवरची सगळ्यात मोठी गर्दी. मॅच संपताच ती सगळी एकदम गाड्यांकडे. लाल दिव्यांची रांग हलेना. रात्रीच्या मुक्कामाचा पास कशासाठी, ते तेव्हा कळलं. कुणी किल्लीला हात लावला नाही, पुन्हा चूल पेटवली. आजोबा चिडलेले. तीन यार्डांत तीनदा तोच धावायचा डाव कशाला, या प्रश्नावर त्यांनी सर्वांची मतं घेतली, माझंसुद्धा. कोच जेम्स फ्रँकलिन ओहायो स्टेटविरुद्ध आजवर एकदाच जिंकलेत, २०१६ मध्ये. तेव्हा अडवलेली किक उचलून ग्रँट हेली साठ यार्ड धावला होता. तो धावतो कसा हे दाखवायला आजोबा हातात चिमटा घेऊन खरंच चार पावलं पळाले.

जेवणं झाल्यावर लाल बसवाला एक जण आला. जनरेटरचं पेट्रोल संपलंय, थोडं मिळेल का? आजोबांनी त्याच्या टोपीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि पुटपुटत कॅन काढला. अर्धाच भरला. तीन यार्ड कमी दिलंय, म्हणाले.

रविवार, ३ नोव्हेंबर

रात्री दोनला घड्याळं तासभर मागे गेली. गारठलेल्या मोटारहोममध्ये जास्तीचा तास कोणाला हवा होता? हीटरच्या पंख्याने बॅटरी निम्म्यावर आणली होती.

सकाळी भाऊबीज. साताऱ्याला संध्याकाळचे साडेसात. भावाला व्हिडिओवर ओवाळलं, तर त्याला माझ्यापेक्षा मागच्या बसमध्येच रस. "अगं, त्यात संडास कुठे असतो?" नेमका त्याच वेळी नवरा त्या संडासाचीच व्यवस्था शिकत होता. डंप स्टेशनवर आधी काळी, म्हणजे संडासाची, टाकी रिकामी करायची, मग करडी, म्हणजे अंघोळीच्या साबणपाण्याने पाइप धुतला जातो. रबरी हातमोजे, जाड पाइप, चेहरा दुसरीकडे. भावाला तेही दाखवलं. त्याने जेवायला जातो सांगून फोन ठेवला.

निळ्या पिशव्यांत कॅन भरून झाले होते. आजीने माझा चकलीचा डबा रिकामा परत न देता त्यात बकाय भरून दिले, हरल्यावर उरलेच होते.

परतीच्या वाटेवर नवरा मोटारहोमच्या किमती फोनवर बघत होता. गॅलनला आठ-नऊ मैल, हे मित्राने सांगितलं तेव्हा जरा थांबला. येत्या शनिवारी वॉशिंग्टनशी रात्रीची मॅच आहे, अख्खं स्टेडियम पांढऱ्या कपड्यांत. मित्राची बायको येणार, म्हणजे तिकीट नाही, पण गाडीत झोपायला जागा आहे. तुळशीचं लग्न १३ पासून, शनिवार मोकळाच आहे. घरी दोन किलो भाजणी उरली आहे. आणि तिकीट नाही म्हणजे नवऱ्यालाही माझ्याबरोबर आजीच्या टीव्हीपुढे बसावं लागेल. मी हो म्हटलं.